शंकर नाग कामावर जाताना गेला

३० सप्टेंबर १९९०, रविवार. दसरा नुकताच होऊन गेलेला. बंगळूरहून लोकापूरला निघालेल्या एका मोटारीला सकाळी दावणगेरेच्या अलीकडे, आनगोडू गावाजवळ अपघात झाला. गाडीत कन्नड नट आणि दिग्दर्शक शंकर नाग होता. तो वाचला नाही. पत्नी अरुंधती नाग त्याच गाडीत होत्या, त्या गंभीर जखमी झाल्या. शंकरचं वय ३५ होतं. छत्तिसावा वाढदिवस ९ नोव्हेंबरला, म्हणजे सहा आठवड्यांवर आला होता.

ही घटना आमच्या सीमाभागात आजही सांगितली जाते. बेळगावात, खानापुरात, निपाणीत एखाद्या जुन्या रिक्षावाल्यापाशी किंवा नाटकवाल्यापाशी विषय काढला की माणूस हळहळतो आणि म्हणतो, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं." कुणी म्हणतो, "वेगात जगला, वेगातच गेला." हे सगळं प्रेमापोटी असतं, यात शंका नाही. पण या बोलण्यात एक साधी गोष्ट निसटून जाते. शंकर नाग सहलीला निघाला नव्हता, चित्रीकरणाला निघाला होता. हा कामावर जाताना झालेला मृत्यू आहे. गिरणीत किंवा खाणीत माणूस गेला तर आपण जे प्रश्न विचारतो, ते इथंही विचारायला हवेत, आणि ते आपण पस्तीस वर्षांत फारसे विचारलेले नाहीत.

नाटक शिकायला येणाऱ्या आमच्याकडच्या मुलामुलींसमोर मी हे प्रकरण ठेवतो ते याच कारणासाठी.

माणूस

शंकर नाग उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या होन्नावर भागातला. घरात कोंकणी. थोरला भाऊ अनंत नाग आधी मुंबईला गेला, त्याच्यामागून शंकर. दोघांचंही नाटकातलं शिक्षण मुंबईच्या रंगभूमीवर झालं, आणि त्यात मराठी नाटकाचा वाटा मोठा होता. अरुंधती राव त्याला तिथंच भेटल्या. त्याही मराठी, गुजराती, हिंदी नाटकांतून काम करत होत्या. १९८० साली दोघांचं लग्न झालं.

१९७८ साली गिरीश कार्नाडांनी 'ओंदानोंदु कालदल्ली' या चित्रपटात त्याला घेतलं. भाडोत्री योद्ध्याची भूमिका होती. पहिल्याच चित्रपटासाठी भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्तम नटाचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी चाफेकर बंधूंवरचा '२२ जून १८९७' हा मराठी चित्रपट आला, त्याच्या पटकथालेखनात शंकर नागचा हात होता. पुण्यातल्या रँडच्या वधाची गोष्ट लिहिणाऱ्यांत कारवारच्या बाजूचा एक कोंकणी मुलगा होता, ही गोष्ट आमच्या भागातल्या मराठी माणसांना सांगितली की ती चकित होतात. ती आणखी लोकांना ठाऊक व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतरची बारा वर्षं त्यानं कशी काढली हे बघितलं की धाप लागते. ऐंशीच्या आसपास चित्रपटांत भूमिका. त्यातले बरेच मारामारीचे, गल्ल्याचे. १९८० च्या 'ऑटो राजा'नं त्याला कर्नाटकातल्या प्रत्येक रिक्षा स्टँडवर नेऊन बसवलं. त्याच वर्षी त्यानं दिग्दर्शित केलेल्या 'मिंचिन ओट'ला राज्याचा सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळाला. आर. के. नारायण यांच्या कथांवरची 'मालगुडी डेज' ही मालिका त्यानं आगुंब्याला चित्रित केली, एकोणचाळीस भाग. आमच्या घराघरांत ती हिंदीतून पाहिली गेली. स्वामीचं पात्र पोरांच्या तोंडी होतं, दिग्दर्शकाचं नाव मात्र मराठी घरांत फार कमी जणांना माहीत होतं. याशिवाय 'संकेत' ही नाटकमंडळी, कार्नाडांच्या 'नागमंडल'चे प्रयोग, बंगळूरला उभा केलेला ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ. शहराला मेट्रो रेल्वे हवी, नंदी डोंगरावर रोपवे हवा, असल्या योजना घेऊन तो सरकारदरबारी बोलत होता, तेही ऐंशीच्या दशकात.

इथं एक गोष्ट बेळगावच्या संदर्भात सांगायलाच हवी. तो काळ आमच्यासाठी कडवट होता. १९८२ मध्ये शाळांत कन्नडला अग्रस्थान मागणाऱ्या गोकाक अहवालाचं आंदोलन झालं आणि कन्नड चित्रपटसृष्टी रस्त्यावर उतरली. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात बेळगाव परिसरात गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक त्यांची आठवण ठेवून आहे. त्या दिवसांत कन्नड हिरोच्या पोस्टरकडं बघायची आमची नजर सरळ नव्हती, आणि त्याला कारणं होती. तरीही शंकर नाग त्या नजरेत फारसा अडकला नाही. मराठी रिक्षावाल्याच्या काचेवर पुढं शिवाजी महाराज आणि पाठीमागं शंकरण्णा, हे दृश्य मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. रिक्षा चालवणाऱ्याला पडद्यावर मान देणारा नट म्हणून त्यांनी त्याला आपला मानलं. भाषेचं भांडण बाजूला ठेवून एखाद्याला आपलं म्हणायला कष्टकरी माणसाला जितकं सोपं जातं, तितकं आम्हा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना जात नाही.

लोकापूरला काय होतं

लोकापूर हे मुधोळ तालुक्यातलं गाव. तेव्हा तो विजापूर जिल्हा होता, १९९७ पासून बागलकोट. आमच्या बेळगाव जिल्ह्यातला रामदुर्ग तालुका त्याला लागून आहे. तिथं 'जोकुमारस्वामी'चं चित्रीकरण होतं. मूळ नाटक चंद्रशेखर कंबारांचं, आणि कंबार हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे. पुढं २०१० सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. म्हणजे शंकर नाग ज्या कामासाठी निघाला होता ते आमच्याच मातीतलं होतं.

जोकुमार आमच्याकडच्या गावांना परका नाही. भाद्रपदात गणपतीच्या पाठोपाठ बायका डोक्यावर बुट्टी घेऊन येतात. बुट्टीत कडुलिंबाचा पाला, त्यात मातीचा जोकुमार, त्याच्या तोंडाला लोणी. दारात बुट्टी उतरवून गाणी म्हणतात, घरातली बाई सुपातून ज्वारी घालते. गणपती वर जाऊन सांगतो की खाली सगळं उत्तम चाललंय. जोकुमार मात्र खरं सांगतो, पिकं वाळलीत, माणसं उपाशी आहेत. मग पाऊस येतो, अशी समजूत. हा देव सात दिवस जगतो आणि मारला जातो.

अर्थातच लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. सात दिवसांच्या देवावरचा सिनेमा आणि तरुणपणी गेलेला नट. त्याला दुसरी जोड 'ॲक्सिडेंट' या चित्रपटाची. तो शंकर नागनं १९८० च्या दशकाच्या मध्यावर काढला आणि सामाजिक विषयावरचा चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. "अपघातावर सिनेमा काढला आणि अपघातातच गेला" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकताना आता राग येतो. कारण तो चित्रपट नेमकं उलट सांगतो. राजकारण्याचा मुलगा नशेत गाडी चालवतो, फुटपाथवर झोपलेली माणसं चिरडली जातात, आणि मग बापाची सत्ता ते प्रकरण दडपायला लागते. शंकर नागनं त्यात प्रकरण उघडं पाडू पाहणाऱ्या पत्रकाराची भूमिका केली होती. रस्त्यावरच्या मृत्यूमागं कुणाचे तरी निर्णय असतात, हेच त्या चित्रपटाचं म्हणणं होतं. ज्यानं हे सांगितलं, त्याच्याच मृत्यूला आपण नियती म्हणून मोकळे होतो, हे मला त्याच्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

रात्रीचा हिशेब

आता प्रकरणाचा गाभा. मुलांना मी नकाशा आणि वही घ्यायला सांगतो.

बंगळूर ते दावणगेरे सुमारे २६० किलोमीटर. तिथून हुबळी आणखी दीडशे. हुबळीहून नवलगुंद, नरगुंद करत लोकापूर. सगळं मिळून पाचशेच्या घरात जातं. १९९० मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग, तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग ४, मधल्या दुभाजकाशिवायचा दुहेरी रस्ता होता. बंगळूर ते दावणगेरे पाच-सहा तास सहज लागत. जी गाडी सकाळी दावणगेरेच्या अलीकडे होती ती रात्रीच निघालेली असणार. इतका हिशेब कुणालाही करता येतो, आणि पहिला मुद्दा तिथंच हाती लागतो: प्रवासासाठी रात्र निवडली गेली होती. चित्रपटाच्या आणि नाटकाच्या धंद्यात ती नेहमीच निवडली जाते. दिवस कामाचा असतो, त्यामुळं प्रवास झोपेच्या वेळेत ढकलायचा. प्रवासाचा दिवस पगारी धरायचा नाही, मुक्कामाचा खर्च वाचवायचा, पोचल्या पोचल्या तोंड धुऊन मेकअपला बसायचं. रात्र फुकट मिळते असं प्रत्येक निर्मितीत गृहीत धरलेलं असतं.

शरीराच्या बाजूनं बघितलं तर ती फुकट नसते. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाची सावधपणाची पातळी सगळ्यात खाली असते. ही सवयीची किंवा मनोबलाची गोष्ट नाही, शरीरातलं घड्याळच तसं चालतं. सलग सतरा-अठरा तास जागा असलेला माणूस प्रतिसादाच्या चाचण्यांत रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखा वागतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. आपल्या देशात गाडी चालवण्यासाठीची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठून दिवसभर राबलेला आणि मध्यरात्रीनंतरही स्टेअरिंगवर असलेला माणूस थेंबभर न पिता या मर्यादेच्या पलीकडं गेलेला असू शकतो. पोलिसांचं यंत्र ते पकडत नाही.

मग वेगाचं गणित. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला तर तेहतीस मीटर तिथंच गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी पस्तीस-चाळीस. एकूण सत्तर मीटर. खालच्या झोतातले हेडलाइट उजेड देतात तो चाळीस-पन्नास मीटरपर्यंत. म्हणजे अंधारात, दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली वस्तू रस्त्यात असेल तर पूर्ण जागा असलेला चालकही वेळेत थांबू शकत नाही. पेंगुळलेल्या चालकाचा दीड सेकंद तीन होतो, तेव्हा काय होईल ते मुलं स्वतः काढतात. हा आकडा फळ्यावर आला की वर्गात कुणी बोलत नाही.

त्या सकाळी आनगोडूजवळ नेमकी चूक कुणाची, हे ठरवणं माझं काम नाही आणि या अभ्यासाला त्याची गरजही नाही. मला दिसते ती रचना: लांबचं चित्रीकरण, रात्रीचा प्रवास, ट्रकांनी भरलेला दुहेरी रस्ता. गाडीच्या आत सुरक्षेचे पट्टेही त्या काळी गृहीत नव्हते. पुढच्या सीटला पट्टे बसवणं आपल्याकडं १९९४ पासून सक्तीचं झालं. फोन फिरवला की येणारी १०८ ची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ साली सुरू झाली. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चौकशीचा त्रास होणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पक्कं करायला २०१६ उजाडावं लागलं. १९९० मध्ये यातलं काहीच नव्हतं. अशा रचनेत एखादा माणूस गेला तर त्याला दैव म्हणणं मला मान्य नाही.

तोच रस्ता, आणखी नावं

एकच घटना घेतली तर कुणीही म्हणेल की योगायोग. म्हणून मी हाच महामार्ग घेऊन मागं-पुढं बघायला सांगतो. १९८४ च्या जूनमध्ये कोल्हापूरचा, म्हणजे आमच्या अगदी शेजारचा, अरुण सरनाईक याच महामार्गाच्या पुणे-कोल्हापूर टप्प्यात मोटार अपघातात गेला. पत्नी आणि मुलगाही गेले. निपाणी-बेळगावात त्या दिवशी लोक रडले होते. १९९० मध्ये शंकर नाग. १९९४ मध्ये कन्नडमधला तरुण नट सुनील, पुन्हा याच महामार्गावर, चित्रदुर्गच्या बाजूला. दहा वर्षांत एकाच रस्त्यानं तीन नट नेले.

महामार्ग बदलला तरी धंद्याची रीत तीच राहिली. २००१ मध्ये भक्ती बर्वे वाईहून कार्यक्रम आटोपून परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेल्या. २०१२ च्या डिसेंबरमध्ये त्याच मार्गावर आनंद अभ्यंकर आणि तरुण अक्षय पेंडसे गेले, अक्षयचा लहानगा मुलगाही गेला. तेही चित्रीकरण संपवून परत चालले होते. ही गर्दीला ठाऊक असलेली नावं, म्हणून आपल्याला आठवतात. लाइटवाले, मेकअपवाले, सेटचा टेम्पो चालवणारे किती गेले, त्यांची नावं कुणी ठेवली?

कायदा काय म्हणतो, हे मुलं हमखास विचारतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात चालकाला दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असं स्पष्ट होतं; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. पण तो कायदा वाहतूक कंपन्यांसाठी होता. शूटिंगच्या भाड्याच्या गाडीच्या चालकाचे तास कोण मोजतो? १९८१ मध्ये चित्रपट कामगारांसाठी कायदा झाला आणि लेखी करार सक्तीचा ठरला. तोही ठरावीक मोबदल्यापर्यंतच्या माणसांना लागू होता. कामगार राज्य विमा कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही कामाशी जोडलेला मानला जाऊ लागला. म्हणजे कारखान्यातल्या विमा उतरवलेल्या कामगाराच्या बाबतीत देशानं ही गोष्ट कबूल केली आहे. 'नाइट', म्हणजे प्रयोगागणिक मानधन, घेऊन काम करणारा नट आणि गावच्या मंडळीतला हौशी पोरगा अजून त्या कबुलीच्या बाहेर आहे.

मागे राहिलेल्या बाईंनी काय केलं

अरुंधती नाग यांच्याबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमणार नाही असं वाटलं होतं, पण त्यांच्या कामाला विशेषणं लागत नाहीत. मोठ्या दुखापतीतून त्या उभ्या राहिल्या. पदरी लहान मुलगी होती. शंकरच्या मनात बंगळूरला नाटकाची स्वतःची जागा असावी असं होतं. ती उभी करायला त्यांनी अनेक वर्षं पैसे गोळा केले, सरकारी दारं ठोठावली, आणि २००४ च्या ऑक्टोबरमध्ये जे. पी. नगरमध्ये 'रंगशंकरा' सुरू झालं. रोज नाटक व्हावं, तिकीट परवडावं, आणि पडदा वेळेवर वर जावा. उशिरा आलेल्याला, तो कुणीही असो, आत सोडत नाहीत. आमच्याकडच्या नाटकवाल्यांना तिथल्या वेळेच्या शिस्तीचं फार कौतुक आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वेळ पाळायची असेल तर नट आदल्या दिवशी गावात पोचलेला, जेवलेला, झोपलेला असावा लागतो. वेळेचा आदर म्हणजे माणसाच्या शरीराचाही आदर, हे त्या जागेनं प्रत्यक्षात आणून दाखवलं.

पुढं २००९ च्या 'पा' चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. त्या आजही रंगभूमीवर आहेत.

आमच्या मोसमात

बेळगाव-निपाणी भागातल्या मराठी नाटकमंडळींना हे प्रकरण का लागू पडतं, ते सांगतो. आमचा स्पर्धांचा आणि दौऱ्यांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोल्हापूर, सांगली, पुणे, गोवा. क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर करायची, टपावर सेटच्या लेव्हल्स (चौथरे) आणि फ्लॅट (उभ्या चौकटी) बांधायचे, प्रयोग साडेनऊ-दहाला संपला की सेट मोडून अकरा-साडेअकराला परतीला लागायचं. सकाळी कुणाचं कॉलेज असतं, कुणाची बँक, कुणाचं दुकान. वाटेत तवंदी घाट, वंटमुरी घाट, गोव्याहून यायचं तर चोर्ला.

आणि नेमका हाच आमच्या भागातल्या ऊस गाळपाचा हंगाम. चिकोडी, अथणी, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात रात्रभर ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात. ऊस ट्रॉलीच्या मागं लोंबतो, लाल दिवा असेल तर झाकला जातो, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. चाक निखळलं की ट्रॉली तिथंच, दगड लावून रस्त्यात. महामार्ग चारपदरी झाला, त्यामुळं समोरासमोरच्या धडका कमी झाल्या. पण मघाशी फळ्यावर मांडलेलं सत्तर मीटर आणि चाळीस मीटरचं गणित ट्रॉलीच्या बाबतीत जसंच्या तसं उरतं. नाटकाचा मोसम आणि ऊसाचा हंगाम एकाच रस्त्यावर, एकाच वेळी चालतात, ही गोष्ट आमच्या एकाही मंडळीच्या नियोजनाच्या कागदावर मी पाहिलेली नव्हती.

यावर काय करायचं, याबाबत आमच्यात एकमत नाही, आणि मतभेद खरे आहेत. मुक्काम केला तर वीस माणसांची झोपायची सोय, सकाळचा नाश्ता, गाडीचं जास्तीचं भाडं. हौशी संस्थेच्या तिजोरीला ते सोसत नाही. एका ज्येष्ठ नटानं मला सरळ सांगितलं, "आम्ही चाळीस वर्षं असंच केलंय की. दौरा म्हणजे रात्रीचा प्रवास आलाच." त्यांच्या अनुभवाचा मी मान राखतो, पण हा युक्तिवाद पटत नाही. जे पोचले तेच हे सांगायला उरलेत.

काही गोष्टी मात्र पैशाशिवाय होतात. प्रयोगात काम करणाऱ्यानं गाडी चालवायची नाही. चालक दुपारी झोपलेला असला पाहिजे, त्याला विंगेत प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, हलवायला लावायचं नाही. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा. टपावरच्या सामानाला मागून रिफ्लेक्टरची पट्टी. मंगल कार्यालयाचा हॉल किंवा शाळेची खोली आयोजकांकडं हक्कानं मागायची. जेवणाची व्यवस्था आयोजक करतात तशीच पहाटे पाचपर्यंत टेकायची व्यवस्था त्यांनी करावी. ती मागताना लाजण्याचं कारण नाही. आयोजकांनाही मी हेच म्हणतो: रंगमंचाची लांबी-रुंदी तुम्ही कळवता, तशी झोपायची जागाही कळवा.

मागच्या एका शिबिरात खानापूरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, पण शंकर नागला कोण थांबिवणार होतं? तोच तर हिरो."

तिनं दुखत्या जागी बोट ठेवलं होतं. मंडळीतला सगळ्यात मोठा माणूसच घाईत असतो, आणि त्याच्या घाईला नाही म्हणायची इतरांची छाती होत नाही. दिग्दर्शकाचं सगळं लक्ष उद्याच्या कामात असतं, त्यामुळं स्वतःच्या थकव्याचा अंदाज घ्यायला तोच सगळ्यात नालायक ठरतो. म्हणून गाडी थांबवायचा निर्णय त्याच्याकडं ठेवायचाच नाही. तो चालकाचा. चालक म्हणाला, डोळे जड झालेत, तर पुढच्या ढाब्यावर गाडी उभी राहील. मॅनेजर, दिग्दर्शक किंवा संस्थेचे अध्यक्ष त्यावर काही बोलणार नाहीत, आणि त्या थांबण्याबद्दल चालकाचा एक रुपयाही कापला जाणार नाही. आमच्या शिबिरातून बाहेर पडणाऱ्या मंडळींना मी हे वाक्य प्रयोगाच्या करारपत्रात लाइटच्या यादीखाली लिहायला सांगतो, आणि चालकाला ते निघण्याआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवायला लावतो.